वाळूवरील विश्रांति

विश्रांति श्रमाच्या पोटीं जन्म घेते. म्हणूनच ज्यानें श्रम केले नाहींत त्यास ती कितीही द्रव्य वेंचलें तरी मिळत नाहीं. परंतु श्रम केलेल्या मनुष्यासही ती आपोआप मिळते असें नाहीं. ती घ्यावी लागते. आणि जी वस्तु घ्यावी लागते ती कोणाकडून, किती व कोणत्या अटीवर घ्यावयाची हा प्रश्न तिच्या पाठोपाठ आलाच. अन्न, वस्त्र, भूमि यांच्या बाबतींत हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो हें कोणीही मान्य करील. सुटीच्या बाबतींत मात्र तो सहसा कोणी विचारीत नाहीं. सुटी म्हणजे कर्तव्यापासून मोकळीक. तिच्यांतही पुन्हां कर्तव्य शोधूं लागणें म्हणजे घरीं परतलेल्या मनुष्यानें खुंटीस अडकविलेला अंगरखा लगेच पुन्हां चढविण्यासारखें आहे, असा आक्षेप येथें येणार हें आम्ही जाणून आहों. त्या आक्षेपांत तथ्यही आहे. थकलेल्या जिवास उपदेश नको असतो. तरी पण सुटी केवळ काळांत घेतां येत नाहीं, ती कोणत्या तरी स्थळीं घ्यावी लागते. आणि त्या स्थळास स्वतःचें असें कांहीं जीवन असतें. आपल्या विश्रांतीनें त्या जीवनाचें काय होतें, आणि तें पाहण्याचें उत्तरदायित्व आपणांवर आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा प्रश्नाचा निकाल नुसत्या सामान्य विधानांनीं लागत नाहीं. त्याला एखाद्या विशिष्ट भूमीवर उभें करून पाहावें लागतें. आम्हीं त्यासाठीं उत्तर अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवरील वाळूचीं बेटें निवडलीं आहेत. निवडीचें कारण असें कीं निवांत सुटीची आधुनिक मनुष्याची जी कल्पना, म्हणजे लांबच लांब निर्मनुष्य पुळण, मागें वाळूच्या टेकड्या, आणि लाटांखेरीज दुसरा आवाज नाहीं, ती या बेटांवर जितकी पूर्णत्वास गेली आहे तितकी क्वचितच अन्यत्र गेली असेल. शिवाय आपलीं अनेक मराठी कुटुंबें आतां त्या देशांत स्थायिक झालेलीं आहेत. उन्हाळ्याची सुटी आली म्हणजे चार बिऱ्हाडांनीं मिळून अशा बेटावर आठवड्यापुरतें घर घ्यावें, असा बेत त्यांच्यांतही होत असतो. तेव्हां विषय परदेशचा असला तरी सर्वस्वी परका नाहीं.

कोकणचा किनारा ज्यानें पाहिला आहे त्यास समुद्रकांठ म्हटला म्हणजे दोन खडकाळ भूशिरांच्या मध्यें विसावलेली पुळण, तिच्यामागें नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्याही मागें चढत जाणारा डोंगर असें चित्र दिसतें. तेथें खडक किनाऱ्यास धरून ठेवतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची घडण निराळी आहे. तेथील भूमि सपाट असून अत्यंत सौम्य उतारानें समुद्रांत शिरते. या उतारावर, मुख्य भूमीपासून कांहीं अंतर सोडून, किनाऱ्याशीं समांतर अशीं लांबट व अरुंद वाळूचीं बेटें एकापुढें एक पडलेलीं आहेत. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या दक्षिण बाजूपासून फ्लॉरिडापर्यंत, आणि पुढें मेक्सिकोच्या आखाताच्या कडेनें टेक्सासपर्यंत, मधून मधून खंड पडत, ही माळ गेली आहे. समुद्राचा मारा तीं स्वतःवर घेतात व मागल्या भूमीचा बचाव करतात, म्हणून इंग्रजींत त्यांना जें नांव आहे त्याचा अर्थ 'अडविणारीं बेटें' असा होतो. आपण येथें त्यांस रोधद्वीपें म्हणूं. बेटाच्या पुढें महासागर. मागें उथळ, निवांत खाडी. आणि खाडीच्या कडेला भरतीबरोबर बुडणारें व ओहोटीबरोबर उघडें पडणारें गवताळ खाजण. नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील 'आउटर बँक्स' नांवाच्या ओळींत तर मागची पॅम्लिको खाडी इतकी रुंद आहे कीं हॅटेरस बेटावरून मुख्य भूमि दिसतही नाहीं.

या बेटांचा मुख्य धर्म असा कीं तीं स्थिर नाहींत. सुमारें 20000 वर्षांपूर्वीं, हिमयुग भरांत असतां, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें 120 मीटर खालीं होती. पुढें बर्फ वितळत गेलें तसतसा समुद्र चढत आला. त्याच्या चढण्याचा वेग मंदावल्यावर, गेल्या कांहीं हजार वर्षांत, आज दिसणारीं बेटें आकारास आलीं, आणि चढत्या समुद्रापुढें मागें सरत तीं टिकून राहिलीं. मागें सरण्याची त्यांची रीत मोठी विलक्षण आहे. मोठें वादळ आलें म्हणजे लाटा पुढील टेकड्या फोडून बेटावरून पलीकडे जातात, व जातांना पुढची वाळू उचलून मागच्या बाजूस खाजणावर व खाडींत पसरतात. कधीं समुद्र बेट मधोमध फोडून नवें मुख पाडतो. त्या मुखांतून आंत गेलेली वाळू खाडींत सांचते, आणि कालांतरानें मुख बुजल्यावर तीच बेटाची नवी पाठ होते. पुढून झिजावें व मागून वाढावें, या क्रमानें बेट जणूं आपल्याच अंगावरून लोळत मुख्य भूमीकडे सरकतें. याचा पुरावा डोळ्यांनीं पाहतां येतो. वादळ होऊन गेल्यावर समुद्राकडील पुळणीवर कधीं कधीं वाळूखालून काळसर घट्ट चिखलाचे थर व झाडांचे जुने बुंधे उघडे पडतात. तो चिखल खाजणाचा असतो. आणि खाजण तर बेटाच्या मागल्या बाजूस वाढतें. जें एकदां पाठीशीं होतें तें पुढ्यांत आलें, याचा अर्थ मधल्या काळांत सबंध बेट त्याच्यावरून निघून गेलें. आपल्या दृष्टीस जें वादळानें केलेलें नुकसान वाटतें, तें बेटाच्या दृष्टीनें त्याचें जगणें होय.

प्रस्तुत प्रश्नाचें मर्म येथें आहे. शहरांतील मनुष्य कशास कंटाळतो? घड्याळास, वरिष्ठांस, रस्त्यावरील गोंगाटास. थोडक्यांत, सतत बदलणाऱ्या गोष्टींकडे सतत लक्ष द्यावें लागण्यास. जेथें कांहींच घडत नाहीं अशी जागा त्यास हवी असते, आणि शोधीत शोधीत तो येतो तो पृथ्वीवरील अत्यंत चंचल अशा भूमीवर! तेथें तो आठ दिवस राहतो. आठ दिवसांत बेट हललेलें दिसत नाहीं, म्हणून तें हलतच नाहीं असें समजून परत जातो. एवढ्यावर थांबलें असतें तर त्यांत हंसण्यापलीकडे कांहीं नव्हतें. परंतु सुखाचा अनुभव आला म्हणजे तो पुन्हां पुन्हां यावा, किंबहुना कायमचा आपला व्हावा, अशी इच्छा होणें हा मनुष्यस्वभाव आहे. पहिल्या वर्षीं तो घर भाड्यानें घेतो. पांचव्या वर्षीं विकत घेतो. आणि विकत घेतलें म्हणजे तें जेथें आहे तेथेंच राहिलें पाहिजे, त्याच्यापुढील पुळण आज जितकी रुंद आहे तितकीच उद्यां असली पाहिजे, असा हक्क तो समुद्रावर सांगूं लागतो. विश्रांतीचें रूपांतर मालकींत झालें कीं तिला पहारा लागतो.

हा पहारा कसा केला गेला व त्याचें फळ काय आलें याचीं दोन उदाहरणें देतों. 1930 नंतरच्या मंदीच्या दशकांत, बेकारांस काम देण्याच्या सरकारी योजनांखालीं, आउटर बँक्सवर मैलोगणती कुंपणें घालून व गवत लावून वाळूचा एक सलग उंच वरंबा उभारण्यांत आला. हेतु निःसंशय चांगला होता. लोकांना वाटलें, बेट आतां सुरक्षित झालें; वरंब्याच्या आडोशानें रस्ता झाला, घरें झालीं, उतारूंसाठीं खानावळी झाल्या. 1973 मध्यें रॉबर्ट डोलन, पॉल गॉडफ्री व विल्यम ओडम या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं वरंब्यामुळें लाटा पलीकडे जाईनाशा झाल्या, म्हणून बेटाची पाठ वाढेनाशी झाली. पुढची झीज मात्र थांबली नाहीं. शेजारच्या कोअर बँक्स बेटांवर असा वरंबा कोणी घातला नव्हता. वादळें अंगावरून जात राहिलीं आणि तेथील पुळणी रुंदच राहिल्या. ज्याचें रक्षण केलें तें रोडावलें, आणि ज्याकडे दुर्लक्ष केलें तें धड राहिलें.

दुसरें उदाहरण अधिक बोंचणारें आहे, कारण त्यांत शेजारी येतो. मेरिलंडच्या किनाऱ्यावर ओशन सिटी हें सुटीसाठीं प्रसिद्ध असें शहर आहे. 1933 च्या ऑगस्टांतील वादळानें या शहराच्या दक्षिण टोंकास वाळूचा पट्टा फोडला, आणि अ‍ॅसाटीग हें बेट शहरापासून वेगळें झालें. बोटींना हें मुख सोयीचें वाटलें. तें बुजूं नये म्हणून दोन्ही कडांस दगडी धक्के बांधण्यांत आले. त्या भागांत वाळू किनाऱ्याच्या कडेनें उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत असते. धक्क्यापाशीं ती अडली. शहराकडील पुळण रुंदावली, आणि पलीकडच्या बेटाचा वाळूचा पुरवठा तुटला. आज नकाशा पुढें घेतला तर शहराचा किनारा एका रेषेंत व अ‍ॅसाटीगचें उत्तर टोंक त्या रेषेपासून मुख्य भूमीकडे स्पष्ट मागें हटलेलें दिसतें. कोणीं कोणाचें कांहीं चोरलें नाहीं. कोणाच्या मनांत दुष्ट हेतु नव्हता. तरी एकाचा घांस दुसऱ्याच्या ताटांत पडला. अलीकडे सरकार वाळू उपसून पुन्हां त्या बेटास पोंचवितें. जें काम निसर्ग फुकट करीत होता तें आतां पैसे मोजून करावें लागतें.

आणि हे पैसे कोण मोजतो? येथें प्रश्न सौंदर्याचा न राहतां न्यायाचा होतो. पुराच्या नुकसानीचा विमा उतरण्याची राष्ट्रीय योजना अमेरिकेंत 1968 मध्यें सुरू झाली. संकटांत सांपडलेल्या सामान्य गृहस्थास आधार द्यावा हा तिचा हेतु. परंतु समुद्राच्या तोंडावर मौजेखातर बांधलेल्या घरासही तिचा आधार मिळूं लागला, तेव्हां धोका एकानें पत्करावयाचा व त्याची किंमत सर्वांनीं वांटून घ्यावयाची असा प्रकार झाला. समुद्र जिनें कधीं पाहिला नाहीं अशा कोणा आडगांवच्या शिक्षिकेच्या करांतून त्या पुळणीवरील सज्जाची डागडुजी व्हावी, हें कोणत्या न्यायांत बसतें? 1982 मध्यें अमेरिकेच्या कायदेमंडळानें यावर एक शहाणपणाचा तोडगा काढला. अजून वस्ती न झालेल्या रोधद्वीपांचे भाग नकाशावर आंखून, तेथें नव्यानें बांधणाऱ्यास संघ-सरकारचा विमा व बहुतेक अर्थसाहाय्य मिळणार नाहीं असें त्या कायद्यानें ठरविलें. त्यानें बांधण्यास मनाई केली नाहीं. 'बांधावयाचें असेल तर स्वतःच्या खर्चानें व स्वतःच्या जबाबदारीवर बांधा,' एवढेंच सांगितलें. स्वातंत्र्य हिरावून न घेतां स्वातंत्र्याची किंमत ज्याची त्याच्या पदरांत घालणारा असा कायदा आमच्या मतें नीतिशास्त्राच्या वर्गांत उदाहरणादाखल शिकविण्याच्या योग्यतेचा आहे.

जेथें पूर्वींच घरें झालीं होतीं तेथें काय होतें तें रोडान्थे या हॅटेरस बेटावरील गांवीं दिसून आलें. 10 मे 2022 रोजीं तेथील दोन घरें एकाच दिवशीं समुद्रांत कोसळलीं. सुदैवानें त्यांत कोणी नव्हतें. परंतु तुटलेल्या फळ्या, खिळे, गाद्या, काचा मैलोगणती पुळणीवर पसरल्या, आणि त्या वेंचण्याचें काम उद्यान-विभागाच्या नोकरांना व स्वयंसेवकांना करावें लागलें. पुळण सर्वांची, घर एकाचें. घर गेलें तेव्हां मात्र त्याचे तुकडे सर्वांचे झाले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे व तो टाळणें योग्य होणार नाहीं. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन हें शहरही रोधद्वीपावरच वसलेलें आहे. 8 सप्टेंबर 1900 च्या रात्रीं वादळाच्या पाण्यानें तें बुडविलें व निदान 6000 माणसें मृत्यु पावलीं. कित्येक अंदाज याहून बरेच मोठे आहेत. वांचलेल्या लोकांनीं शहर सोडलें नाहीं. त्यांनीं 17 फूट उंचीची समुद्रभिंत बांधली, आणि इमारती स्क्रूच्या जॅकांवर उचलून त्यांच्याखालीं उपसलेली वाळू भरून शहराची जमीनच वर नेली. हें काम 1911 पर्यंत चाललें. 1915 मध्यें पुन्हां मोठें वादळ आलें तेव्हां त्या भिंतीनें शहर राखलें. मग समुद्राशीं झगडणें हें अनैतिक म्हणावयाचें काय? मुळींच नाहीं. ज्यांचें पोट बंदरावर, ज्यांचीं मुलें तेथल्या शाळेंत, ज्यांचे पितर तेथल्या मातींत, त्यांनीं आपलें गांव राखण्यासाठीं भिंत बांधली तर तो पुरुषार्थच होय. आपल्याकडे मालवणजवळ देवबाग हें गांव कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर आहे; तेथील कोळ्यानें आपल्या घरापुढें दगड टाकण्याची मागणी केली तर त्यास भूगोल शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु गॅल्व्हेस्टनलाही किंमत द्यावी लागली. भिंतीपुढील पुळण ओसरत गेली, व आज तेथें वाळू बाहेरून आणून घालावी लागते. भिंत शहरास राखते, पुळणीस नाहीं. म्हणून जीव वांचविण्यासाठीं पुळण दवडणें समजतां येतें. पण पुळणीच्या सुखासाठीं भिंत बांधून पुळणच दवडणें यांत नीति तर नाहींच, साधें व्यवहारज्ञानही नाहीं. गरजेचा हक्क आणि विश्रांतीचा हक्क हे एकाच मापानें मोजतां येत नाहींत.

तर मग विश्रांतीचा हक्क केवढा? आमच्या मतें तो अतिथीच्या हक्काएवढा आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत 'अतिथि' या शब्दाची जी उपपत्ति दिली आहे ती मोठी मार्मिक आहे. ज्याचें राहणें नित्य नाहीं, जो एक रात्र राहून जातो, तो अतिथि. अतिथीचें अतिथित्व त्याच्या येण्यांत नसून जाण्यांत आहे, असा याचा भावार्थ. जाणार म्हणूनच त्याचा सत्कार. आणि न जाणारा पाहुणा कितीही सुशील असला तरी घरास जड होतो, हें आपल्या गृहिणींस शास्त्र न वाचतांही कळतें. अतिथीचे दोन नियम सर्वत्र सारखे आहेत. त्यानें घरच्या चालीरीति आपल्या सोईसाठीं बदलावयाच्या नाहींत. आणि यजमान अडचणींत असतांना मुक्काम लांबवावयाचा नाहीं. हे दोन्ही नियम रोधद्वीपास जसेच्या तसे लागू पडतात.

कोणी म्हणेल, अशा क्षणिक राहण्यांत खरी विश्रांति कशी मिळावी? याचें उत्तर ॲन मॉरो लिंडबर्ग या लेखिकेच्या 1955 मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'गिफ्ट फ्रॉम द सी' या छोट्या पुस्तकांत सांपडतें. फ्लॉरिडांतील कॅप्टिव्हा या रोधद्वीपावरील मुक्कामांतून तें निपजलें असून त्याच्या बहुतेक प्रकरणांस एकेका शिंपल्याचें नांव आहे. पांच मुलांची आई असलेली ही बाई कांहीं दिवसांच्या एकांतांतून संसाराविषयीं जें समजावयाचें तें समजून घेते, व थोडे निवडक शिंपले घेऊन घरीं परतते. सगळी पुळण गोळा करण्याचा मोह टाळणें हाच तिच्या बोधाचा एक भाग आहे. तिला बेटावर घर बांधावें लागलें नाहीं. विश्रांतीचें फळ बेटावर राहत नसून मनुष्याबरोबर घरीं येतें. आणि तसें तें येत नसेल तर बेटाचा कायमचा रहिवाशी होऊनही तें येणार नाहीं. जो आपलें अस्वस्थ मन सोबत नेतो त्यास स्थळ बदलून लाभ नाहीं, असें सेनेकानें आपल्या मित्रास लिहिलें त्याचें तात्पर्य हेंच.

अतिथीप्रमाणें वागणें म्हणजे केवळ उपऱ्याचें वागणें असेंही नाहीं. या बेटांवर पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोकही अखेर तसेंच वागले. व्हर्जिनियांतील हॉग बेटावर ब्रॉडवॉटर नांवाचें गांव होतें. 1933 च्या वादळानंतर तेथील लोकांनीं आपलीं घरें तराफ्यांवर चढवून खाडीपार मुख्य भूमीवर नेलीं. ओक्राकोकच्या पलीकडील पोर्ट्समथ हें गांव 1753 मध्यें वसलें. 1860 मध्यें तेथें 685 माणसें होतीं. 1971 मध्यें शेवटचे दोन रहिवाशी निघून गेले. त्यांच्या जाण्यांत दुःख असलें पाहिजे. परंतु समुद्रानें आपला करार मोडला अशी तक्रार त्यांत नव्हती, कारण असा करार झालाच नव्हता हें ते जाणत होते. याच वृत्तीचें सर्वांत भव्य उदाहरण हॅटेरसच्या दीपगृहाचें. 1870 मध्यें तें उभारलें तेव्हां समुद्र त्यापासून सुमारें 1500 फूट दूर होता; शंभर वर्षांत तें अंतर 120 फुटांवर आलें. भिंत बांधावी कीं दीपगृह हलवावें यावर पुष्कळ वाद झाला. अखेर 1999 च्या उन्हाळ्यांत सुमारें 4800 टनांचा तो विटांचा मनोरा रुळांवर चढवून 23 दिवसांत 2900 फूट मागें नेला. बेट मागें सरलें तसें दीपगृहही मागें सरलें. कणखरपणा जागा धरून बसण्यांतच असतो असें समजणाऱ्यांनीं त्या मनोऱ्याचें स्मरण ठेवावें.

आतां ज्यास अशा बेटावर खरोखरच सुटी घालवावयाची आहे त्यास या विवेचनाचा उपयोग काय, हें सांगितलें पाहिजे. बेत करतांना पहिला विचार भूमीच्या मालकीचा करावा. हॅटेरसचा किनारा 1937 च्या कायद्यानें राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून प्रथम घोषित झाला. अ‍ॅसाटीगवर तर विक्रीसाठीं भूखंड पाडले होते व रस्ताही केला होता. 1962 च्या मार्चांतील वादळानें तो सर्व व्यवहार धुऊन नेला, आणि 1965 मध्यें तें बेट राष्ट्रानें जनतेसाठीं राखून ठेवलें. अशा सार्वजनिक पुळणींवर जो एकांत मिळतो त्यासाठीं कोणासही बाजूस सारावें लागत नाहीं. कोअर बँक्ससारख्या, जेथें केवळ बोटीनेंच जातां येतें, अशा ठिकाणीं पाणी व शिधा बरोबर न्यावा लागतो; परंतु ज्यास खरी शांतता हवी त्यास एवढी अडचण महाग नाहीं. दुसरा विचार ऋतूचा. सप्टेंबरांत गर्दी ओसरते व पाणी अजून उबदार असतें. पण जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ आहे. तेव्हां बेत असा आंखावा कीं तो मोडतां यावा. बेट सोडण्याचा हुकूम झाला तर 'आमचे अजून तीन दिवस बाकी आहेत' असा हिशेब न घालतां निघावें. कारण जो मागें राहतो त्यास काढण्यासाठीं दुसऱ्या कोणास तरी जीव धोक्यांत घालावा लागतो. तिसरा विचार आपल्या सहनिवाशांचा. उन्हाळ्याच्या रात्रीं समुद्रकासविणी या पुळणींवर अंडीं घालतात, आणि बाहेर पडलेलीं पिल्लें उजेडाच्या रोखानें जातात. सज्जांतील दिवा त्यांना समुद्राऐवजीं मृत्यूकडे नेतो. आपल्याकडील वेळासचीं कासवें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें अधिक सांगावयास नको. टेकड्यांवरील गवत तुडवूं नये, कारण वाळूस धरून ठेवणारे हात तेच. आणि घर घ्यावयाचेंच तर भाड्याचें घ्यावें. भाडेकरी ही अतिथीच्या सर्वांत जवळची व्यावहारिक अवस्था आहे.

एक शंका अजून उरते. जॉर्जियांतील कंबरलँड बेटावर 1984 च्या आराखड्यानें दिवसास 300 प्रवाशांची मर्यादा घातली. अशा मर्यादेनें एकांत हा थोड्यांचा मिरास होत नाहीं काय? शंका योग्य आहे. पण मर्यादा दोन प्रकारांनीं पडते : नियमानें, नाहीं तर किंमतीनें. नियमाची मर्यादा आज अडविते व उद्यां सोडते. रांगेंत उभ्या राहिलेल्या कारकुनाची पाळी आज ना उद्यां येते. किंमतीची मर्यादा मात्र एकदां अडविलेल्यास जन्मभर अडविते. ज्या बेटांवर पुळणीलगत खासगी घरांची सलग रांग झाली तेथें त्या घरांत झाडलोट करणाऱ्या बाईस समुद्र दिसतो तो बहुधा खिडकीच्या कांचा पुसतांना. तिच्या स्वतःच्या सुटीस तेथें जागा नाहीं. विश्रांतीची गरज तिला पाहुण्यांहून कमी आहे असें कोण म्हणेल? म्हणून सर्वांनीं थोडें थोडें व आळीपाळीनें घ्यावें ही व्यवस्था, थोड्यांनीं कायमचें घ्यावें या व्यवस्थेपेक्षां, आम्हांस अधिक न्याय्य वाटते. आणि बेटासही तीच अधिक सोसते.

अ‍ॅरिस्टॉटलनें विश्रामास श्रमाहून श्रेष्ठ मानलें, कारण श्रम कशासाठीं तरी असतात व विश्राम स्वतःसाठीं असतो. हें मान्य करूनही असें म्हणावें लागतें कीं जो विश्राम दुसऱ्याच्या श्रमावर, दुसऱ्याच्या वाळूवर व दुसऱ्याच्या करावर उभा आहे तो स्वतःपुरता राहिलेला नाहीं; त्याचा हिशेब अन्यत्र कोठें तरी मांडला जात असतो. रोधद्वीपावर आठ दिवस राहून, पुळण जशी होती तशी सोडून, ठरल्या दिवशीं परत येणाऱ्या गृहस्थाच्या नांवें असा हिशेब फारसा निघत नाहीं. दहा वर्षांनीं तो पुन्हां गेला तर त्यास तीच टेकडी, तीच वाट, तेंच घर सांपडेल असा भरंवसा नाहीं. बेट थोडें आंत सरलेलें असेल, आणि जेथें तो बसला होता तेथें कदाचित् लाटा असतील. तरी समुद्र, वाळू आणि मोकळें आकाश तेथें असेल. त्यांच्यापुढें नवी जागा पाहून बसण्याची त्याची तयारी असावी.